पहिल्यांदा चेंबर म्युझिक ऐकायला जाताय? टाळ्या जरा पोटात ठेवा

दरवर्षी दिवाळी आटोपली की कुणी ना कुणी विचारतंच, ऑफिसातलं किंवा सोसायटीतलं किंवा एखादा चुलतभाऊ, की अगं तू ते फॉरेनच्या व्हायोलिनवाल्यांच्या कार्यक्रमांना जातेस ना, आम्हालाही एकदा यायचंय पण आपल्याला काय कळणार म्हणून राहून जातं. दरवेळी फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून यंदा एकदाच सगळं टाइप करून ठेवतेय, सीझन सुरू व्हायच्या आत वाचा आणि परत मला विचारू नका (विचारा, पण वाचून विचारा).

आधीच सांगते, मी यातलं काहीही शिकलेली नाही. मला स्टाफ नोटेशन, म्हणजे ती पाच रेघांवर सूर लिहायची पद्धत, वाचता येत नाही. डोंबिवलीला राहते, बाबा लहानपणी गाण्याच्या बैठकांना न्यायचे तेवढीच काय ती पुंजी. पण गेली आठ-नऊ वर्षं हिवाळ्यात तीन-चार कार्यक्रम ऐकतेय आणि ज्या ज्या चुका करता येतात त्या सगळ्या करून झाल्यात, तेव्हा त्या तुम्ही करू नयेत एवढाच उद्देश.

हे असतं काय

चेंबर म्हणजे खोली. मोठ्या ऑर्केस्ट्रात सत्तर-ऐंशी माणसं आणि समोर काठी हलवणारा कंडक्टर असतो ना, ते हे नव्हे. इथे दोन ते आठ-नऊ वादक, प्रत्येकाचा भाग वेगळा, कंडक्टर नाही. पूर्वी युरोपात घरांच्या दिवाणखान्यात, दरबाराच्या एखाद्या दालनात वाजायचं म्हणून हे नाव पडलं. आपल्याकडे याला केव्हापासून शब्द आहे, बैठक. मी तर लोकांना सरळ सांगते की गोऱ्या लोकांची बैठक आहे, चला. सगळ्यात नेहमीचा प्रकार म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, थोडी मोठी आणि आवाज जरा खर्जातला. चेलो म्हणजे ते मोठं, दोन गुडघ्यांत धरून वाजवतात ते. पियानो, व्हायोलिन आणि चेलो आलं की पियानो ट्रिओ. पाच जण झाले की क्विंटेट, आठ झाले की ऑक्टेट.

बैठकीशी दोन मोठे फरक मात्र आहेत. एक म्हणजे सगळं लिहिलेलं असतं, आयत्या वेळी सुचून कुणी तान घेत नाही. दुसरा फरक टाळ्यांचा, त्यावर पुढे सविस्तर येतेच कारण माझी सगळ्यात मोठी फजिती तिथेच झालीय.

आणि हे आपलं नाही, साउथ बॉम्बेवाल्यांचं आहे, असं मनात असेल तर ते काढून टाका. एनसीपीए (नरिमन पॉइंटचं नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) १९६९ साली सुरू झालं त्यात जमशेद भाभा आणि जे.आर.डी. टाटा होते हे खरं, पण पुढे तिथले मानद संचालक आपले पु.ल. होते आणि संगीताचे अभ्यासक अशोक रानडेंनीही तिथे काम केलंय. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी उभी केली, त्यांचं स्वतःचं स्ट्रिंग क्वार्टेटही होतं, त्यांचा मुलगा म्हणजे जगप्रसिद्ध कंडक्टर झुबिन, १९३६ चा, मुंबईतच जन्मलेला आणि वाढलेला. गोव्याहून आलेले व्हायोलिन-चेलोवाले आपल्या सिनेमाच्या गाण्यांत वर्षानुवर्षं वाजवत आले, प्यारेलालजी व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विसांकडे. म्हणजे तुमच्या कानाला हे आवाज लहानपणापासून माहितीयत, फक्त मधे गायक असायचा. प्रभाकर जोगांचं गाणारं व्हायोलिन तर घराघरात होतं.

पहिली पायरी: कार्यक्रम हुडकणं

बाहेरून येणारे ग्रुप बहुतेक नोव्हेंबर ते फेब्रुवारी-मार्चच्या दरम्यान येतात. कारण उघड आहे, पावसाळ्यात लाकडाची वाद्यं घेऊन मुंबईत कोण येईल. दमट हवेत लाकूड फुगतं, तारांचे सूर हलतात, धनुष्याचे (म्हणजे तारांवर फिरवतात त्या गजाचे) केस सैल पडतात. डिसेंबरातसुद्धा एसी हॉलमधून बाहेर आलं की वाद्यांचे हाल होतात असं एका चेलिस्टने मला सांगितलं होतं.

बघायचं कुठे, तर सगळ्यात आधी एनसीपीएचं महिन्याचं कॅलेंडर. तिथे सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे (२००६ पासून), त्यातलेच वादक अधूनमधून छोटे गट करून वाजवतात आणि पाहुणे ग्रुपही तिथेच सगळ्यात जास्त येतात. मग मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन, १९९५ पासून आहे, मुलांना शिकवतात आणि चेंबरचे कार्यक्रमही करतात. काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवन आहे, जर्मन ग्रुप आला तर तिथे नजर ठेवा. गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाऊस आहेच, १९११ ला पंचम जॉर्जने उद्घाटन केलेलं, बालगंधर्व आणि पृथ्वीराज कपूर जिथे रंगमंचावर उभे राहिले ते, मधे कित्येक वर्षं बंद पडून होतं ते २०१६ ला परत उघडलं. तिथे नुसतं जाऊन छताकडे बघत बसलात तरी तिकिटाचे निम्मे पैसे वसूल.

वेगवेगळ्या देशांच्या वकिलाती आणि सांस्कृतिक केंद्रं यांचे कार्यक्रम पुष्कळदा फुकट असतात, फक्त नाव नोंदवायचं असतं. फुकट आहे म्हणून उशिरा जाऊ नका, नाव नोंदवलेलं असलं तरी सीट आधी येईल त्याला, आणि माझा अनुभव असा की फुकटच्या कार्यक्रमाला काका-काकू मंडळी तासभर आधी येऊन रुमाल टाकून बसतात.

दुसरी पायरी: कुठला कार्यक्रम निवडायचा

इथे मात्र जरा वेळ काढा, कारण पहिला कार्यक्रम चुकीचा निवडला की माणूस परत फिरकत नाही. माझ्या मावसबहिणीला मी पहिल्याच वेळी एका ग्रुपच्या सगळं विसाव्या शतकातलं असलेल्या कार्यक्रमाला नेलं, ती इंटरव्हलला म्हणाली अगं हे ट्यून करणं कधी संपणार. तिची काही चूक नाही. माझीच.

ग्रुपचं नाव, देश, बक्षिसं याकडे पहिल्यांदा बघू नका, सगळ्यांच्याच माहितीत जगप्रसिद्ध लिहिलेलं असतं. वाजवणार काय ते बघा. साधारण असा नियम, की यादीत हायडन, मोझार्ट, शूबर्ट, ड्वोरझाक यातलं एखादं नाव असेल तर बिनधास्त जा. हायडनला स्ट्रिंग क्वार्टेटचा बाप म्हणतात, १७३२ ते १८०९, त्याने अडुसष्ट क्वार्टेट लिहिली आणि त्याच्यात विनोदबुद्धी पुरेपूर. मोझार्टचं क्लॅरिनेट क्विंटेट (१७८९) असलं तर मुद्दाम जा, लग्नाच्या बँडमधलं क्लॅरिनेट आपल्या ओळखीचंच आहे, पण तेच वाद्य इतकं मऊ वाजू शकतं हे तिथे कळतं. शूबर्टचं ट्राउट क्विंटेट त्याने बाविसाव्या वर्षी लिहिलं, १८१९ मध्ये, त्यात नेहमीच्या दोन व्हायोलिनऐवजी एकच, शिवाय व्हायोला, चेलो, डबल बास आणि पियानो. त्यातल्या चौथ्या भागात त्याने स्वतःच्याच एका गाण्याची चाल घेऊन ती वेगवेगळ्या तऱ्हांनी फिरवलीय, ठुमरीत एकच ओळ घोळवतात तसं म्हणा हवं तर, आपल्या माणसाला ते पटकन कळतं.

पण नवख्याने सुरुवात कशाने करावी असं विचाराल तर माझं एकच उत्तर, ड्वोरझाकचं अमेरिकन क्वार्टेट. १८९३ च्या उन्हाळ्यात हा चेक माणूस अमेरिकेत आयोवा राज्यातल्या स्पिलव्हिल नावाच्या खेड्यात सुट्टीला गेला, तिथे त्याच्या मुलखातलीच माणसं वसलेली होती, आणि घरच्यासारखं वाटून त्याने काही दिवसांत हे लिहून टाकलं. सुरुवातीला दोन व्हायोलिन नुसती थरथरत असतात आणि त्याखालून व्हायोला एक चाल उचलते. ती नीट ऐका. पाच सुरांची आहे, आपल्या हिशोबात सा रे ग प ध. भूप! म्हणजे ड्वोरझाकने भूप ऐकला होता असं मी म्हणत नाहीये, पाच सुरांचं असलं संगीत जगभर आहे, पण ऐकताना आपला कान जो टवकारतो ना, तो अनुभव पहिल्या पाच मिनिटांत मिळतो आणि मग उरलेल्या वीस मिनिटांची भीती जाते.

यादीत शोस्टाकोविच, बार्टोक अशी नावं असतील तर तिसऱ्या-चौथ्या वेळी जा. टाळा असं नाही म्हणत मी, शोस्टाकोविचचं आठवं क्वार्टेट मी ऐकलं तेव्हा घरी येईपर्यंत कुणाशी बोलले नव्हते. १९६० साली त्याने ते तीन दिवसांत लिहिलं, फॅसिझम आणि युद्धाच्या बळींना अर्पण केलंय, आणि त्यात एके ठिकाणी चौघे मिळून दारावर थापा मारल्यासारखे तीन ठोके देतात, परत परत. पण ते पहिल्याच वेळी नको.

ती आकडेवारी वाचायची कशी

कार्यक्रमपत्रिकेवर ओपस ९६, के. ५८१, डी. ८१० असलं काहीतरी लिहिलेलं असतं, त्याने लोक दबून जातात. ते फक्त नंबर आहेत. ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक. मोझार्टच्या रचनांची यादी कोखेल नावाच्या माणसाने केली म्हणून के, शूबर्टची डॉइचने केली म्हणून डी. त्याचा उपयोग एकच, यूट्यूबवर तंतोतंत तीच रचना सापडते.

आणि त्याखाली अलेग्रो, अदाजिओ, मेन्युएट, प्रेस्तो अशा ओळी असतात त्या मात्र नीट मोजा. त्या म्हणजे मूव्हमेंट, रचनेचे भाग. बहुतेक क्वार्टेटचे चार असतात, पहिला जलद, मग एक संथ, एक नाचाच्या तालाचा आणि शेवटचा सुसाट. विलंबित-द्रुत सारखंच, फक्त क्रम वेगळा. किती ओळी आहेत ते मोजून ठेवायचं, का ते टाळ्यांच्या भागात.

तिसरी पायरी: घरचा अभ्यास, तोही लोकलमध्ये

कार्यक्रमाच्या आठवड्यात जे वाजणार आहे ते दोन-तीनदा ऐकून ठेवा. लक्ष देऊन बसायची गरज नाही. मी डोंबिवली ते सीएसएमटी कानात घालून ऐकते, मधे ठाण्याला धक्काबुक्कीत अर्धं हुकतं, तरी चालतं. बैठकीत बंदिश ओळखीची असली की मजा वाढते ना, तेच. एकदम नवीन ऐकायचं असेल तर त्यातही गंमत आहे म्हणा, पण पहिल्या वेळी ओळखीची एखादी तरी चाल कानात असू दे, समोर ती आली की शेजारच्याकडे बघून मान डोलवता येते.

चौथी पायरी: तिकीट आणि सीट

तिकीट बुकमायशोवर किंवा त्या संस्थेच्या साइटवर. एनसीपीएची मेंबरशिप घेतली तर सवलत मिळते आणि आधी बुकिंग करता येतं, पण पहिल्याच वर्षी घेऊ नका, आधी आवडतंय का बघा. लहान मुलांना घेऊन जायचं असेल तर वयाची अट तिकिटावरच वाचून घ्या, पुष्कळ कार्यक्रमांना असते, आणि दारात वाद घालून काही होत नाही.

सीट कुठली घ्यावी, हा प्रश्न हॉलवर आहे. एनसीपीएतल्या टाटा थिएटरला १९८० मध्ये बांधतानाच माइकशिवाय ऐकू जाईल असा विचार केलाय, आर्किटेक्ट फिलिप जॉन्सन आणि ध्वनीचं काम सिरिल हॅरिस यांचं, त्यामुळे तिथे मागे बसलात तरी ऐकू येतं, स्वस्तातलं तिकीट बिनधास्त घ्या. एक्सपेरिमेंटल थिएटर लहान आहे, तीनेकशे माणसांचं, तिथे चेंबर म्युझिक ऐकणं म्हणजे खरी बैठक. माझं मत असं की ऐकण्याइतकंच हे बघायचं संगीत आहे, म्हणून परवडलं तर पुढून चौथी-पाचवी रांग. अगदी पहिली नको, मान दुखते आणि वादकांच्या बुटांशिवाय काही दिसत नाही.

पियानो असेल तर डाव्या बाजूला बसा, बोटं दिसतात.

पाचवी पायरी: पोचणं (हे हलक्यात घेऊ नका)

इथे आपल्या नाटकासारखी तिसरी घंटा झाल्यावरही बॅटरीच्या उजेडात सीट शोधत जाण्याची सोय नसते. सातचा कार्यक्रम सातला सुरू होतो, दार बंद होतं, आणि मग पहिली रचना संपेपर्यंत किंवा इंटरव्हलपर्यंत बाहेर. एका वर्षी कुर्ल्याला गाडी चाळीस मिनिटं उभी राहिली आणि मी धावत पळत पोचले तेव्हा दार नुकतंच बंद झालेलं, दारावरच्या माणसाने अगदी नम्रपणे नाही सांगितलं, आणि मी अर्धा तास जाड दाराला पाठ लावून उभी होते, आतून चेलोचा फक्त घुं-घुं आवाज यायचा, शेजारच्या फ्लॅटमधला मिक्सर ऐकू यावा तसा. म्हणून सेंट्रलवाल्यांनी तासभर हाताशी ठेवूनच निघायचं, वेस्टर्नवाल्यांनी अर्धा.

एनसीपीएला चर्चगेटहून चालत पंधरा-वीस मिनिटं, मरीन ड्राइव्हच्या कडेने गेलात तर संध्याकाळी छान वाटतं. शेअर टॅक्सीही मिळते. आता मेट्रो तीन सगळी सुरू झालीय, विधान भवन स्टेशन त्याच बाजूला पडतं, अंधेरी-बीकेसीकडून येणाऱ्यांना तर फारच सोपं झालंय. ऑपेरा हाऊसला चर्नी रोड स्टेशनहून चालतच जा.

आणि खाऊन जा. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि कुणी सांगत नाही. हॉल इतका शांत असतो की पोटात कावळे ओरडले तर तीन रांगांना ऐकू जातं, मी अतिशयोक्ती करत नाहीये. गिरगावात असाल तर ठाकूरद्वारला विनयमध्ये काहीतरी पोटात टाका, पण मिसळ जरा जपून, तिखटाचा ठसका शूबर्टच्या संथ भागात आला तर तुमचं तुम्ही बघा. नरिमन पॉइंटला संध्याकाळी सातनंतर शुकशुकाट, तिथे काही मिळेल या भरवशावर राहू नका.

कपडे कसे, हा प्रश्न सगळ्या बायका विचारतात. पैठणी नको, पायजमा नको, ऑफिसचे कपडे चालतात. मात्र एक शाल किंवा जॅकेट घ्याच, एसी असा लावतात की बाहेर तीस डिग्री आणि आत महाबळेश्वर. आणि बांगड्या! काचेच्या, खणखणणाऱ्या बांगड्या घरी ठेवा. खोकला असेल तर गोळीचा कागद आधीच सोडून गोळी रुमालात ठेवायची, कारण लोक नेमके सगळ्यात हळुवार जागी कागद सोडायला घेतात आणि तोही हळूहळू, आवाज होऊ नये म्हणून, त्यामुळे तो दोन मिनिटं चालतो.

सहावी पायरी: टाळ्या

आता माझी फजिती. पहिला कार्यक्रम, मी एकटी, शेजारी एक सत्तरीच्या पारशी बाई, पांढरे केस, मोत्यांची माळ. क्वार्टेट सुरू झालं, आठेक मिनिटांनी चौघांनी मिळून असा झकास शेवट केला की बैठकीत वाढलेल्या माणसाला राहवेच ना, मी दणकून टाळ्या वाजवल्या. आख्ख्या हॉलमध्ये मी एकटी. तिसरी टाळी वाजवताना कळलं की काहीतरी चुकतंय, हात हवेतच राहिले. त्या बाई माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, डिकरा, हजु त्रण बाकी छे. अजून तीन बाकी आहेत, म्हणजे तीन मूव्हमेंट.

तर रीत अशी, की चारही भाग झाल्यावरच टाळ्या. मधल्या शांततेत लोक खोकून घेतात, सरसावून बसतात, वादक तारा जुळवतात, आणि आपण सगळी दाद पोटात धरून ठेवायची. बैठकीत समेवर वाह निघून जातं, मन हलकं होतं, इथे तसं नाही, इथे साठत जातं. पहिली दोन वर्षं मला हे फार जाचलं. कसली ही माणसं, असं वाटायचं, एवढं सुंदर वाजवलं आणि समोरचे पुतळे. मग हळूहळू लक्षात आलं की त्या दाबून ठेवण्यातच काहीतरी आहे, संथ भाग संपल्यावर जी शांतता पसरते ती चारशे माणसांनी मिळून धरलेली असते, आणि शेवटी टाळ्या फुटतात तेव्हा त्यात चारही भागांची दाद एकदम निघते. अजूनही कधीकधी वाह तोंडात येतं. मी शालीत म्हणते.

नवख्यांसाठी युक्ती सोपी. मघाशी मोजलेल्या ओळी आठवा. तरी गोंधळ झाला तर वादकांचे हात बघा, धनुष्यं खाली आली, खांदे सैल पडले, एकमेकांकडे बघून हसले की संपलं. त्याहून सोपी युक्ती म्हणजे पहिली टाळी कधीच आपण वाजवायची नाही, दुसरी वाजवायची.

काही रचनांत भागांमध्ये थांबतच नाहीत, सलग वाजतं, ते मघाचं शोस्टाकोविचचं आठवं तसंच आहे, पाचही भाग एका दमात. तिथे मोजदाद सोडून द्या.

आणि एक ठिकाण असं आहे की जिथे जाणकारसुद्धा फसतात. हायडनने १७८१ मध्ये ओपस ३३ मधलं दुसरं क्वार्टेट लिहिलं, त्याला जोक असंच टोपणनाव पडलंय. त्याच्या शेवटी चाल तुकड्यातुकड्यांत येते, मधे थांबा, परत एक तुकडा, परत थांबा, लोकांना वाटतं संपलं, टाळ्या सुरू होतात आणि हे परत वाजवायला लागतात! मग एक लांबलचक थांबा, आणि सगळे खात्रीने म्हणतात की आता झालं, तेवढ्यात सुरुवातीचाच तुकडा अगदी हळू आवाजात, आणि मग खरंच संपतं, पण तोवर टाळी वाजवायची कुणाची हिंमत नसते. म्हणजे चुकीच्या जागी टाळ्या वाजवणाऱ्यांची गंमत हायडनने तेव्हाच करून ठेवलीय, त्यामुळे तुमची चूक झालीच तर फार मनाला लावून घेऊ नका.

सातवी पायरी: ऐकायचं काय, बघायचं काय

पहिली पाच मिनिटं आवाज कमी वाटेल. आपल्याला माइकची सवय झालीय, नाटकाला माइक, कीर्तनाला माइक, हळदीकुंकवालासुद्धा माइक. इथे काही नसतं. घाबरू नका, कान आपोआप जुळवून घेतो आणि दहाव्या मिनिटाला तुम्हाला धनुष्य तारेवर टेकल्याचा आवाजही ऐकू यायला लागतो.

सगळं एकदम ऐकायला गेलात तर गोंधळ होईल. एकच वादक धरा. लोक पहिल्या व्हायोलिनकडे बघतात कारण बहुतेक चाली त्याच्याकडे असतात, तो बहुधा डावीकडे टोकाला बसतो. मी सांगते व्हायोला धरा. चार जणांच्या कुटुंबात एक काकू असते बघा, जी फार बोलत नाही, पण तिने एक दिवस माहेरी जायचं ठरवलं तर घर चालत नाही, ती व्हायोला. बराच वेळ ती मधले सूर भरत बसते आणि मग अचानक तिच्या तोंडी एक ओळ येते की अंगावर काटा. कधी ती उजव्या टोकाला बसते, तेव्हा वाद्याची पुढची बाजू प्रेक्षकांकडून वळते आणि आवाज थोडा दबतो, म्हणून काही ग्रुप तिथे चेलोला बसवतात आणि व्हायोलाला आत घेतात. कोण कुठे बसलंय हे बघणं हाही एक छंद होतो.

मग श्वास बघा. कंडक्टर नाही, तबला नाही, मग चौघे एकदम सुरू कसे करतात? कुणीतरी एक जण नाकाने जोरात श्वास घेतो, भुवई उचलतो, धनुष्याचं टोक जरासं वर नेतो, आणि बाकीचे त्यावर उडी घेतात. पुढच्या रांगांत तो श्वास ऐकू येतो. एकदा लक्षात आलं की मग तेच शोधत बसाल, डोळ्यांनी चाललेली ती बोलणी, दुसऱ्या व्हायोलिनवाल्याचं चेलोकडे बघून गालातल्या गालात हसणं. आपल्याकडे गायक तबलजीकडे बघून समेवर हसतो अगदी तसं.

झोप आली तर? येते. दिवसभर ऑफिस, गारेगार एसी, संथ भाग. मी तीनदा झोपलेय. घोरू नका म्हणजे झालं.

इंटरव्हल आणि त्यानंतर

साधारण पंधरा-वीस मिनिटांचा असतो, बटाटेवड्याची अपेक्षा ठेवू नका, कॉफी आणि सँडविच असतं आणि महाग असतं. मोठी रचना सहसा इंटरव्हलनंतर असते, तेव्हा पहिल्या भागात कंटाळा आला म्हणून उठून जाऊ नका. पूर्ण कार्यक्रम दोन तासांत आटपतो, म्हणजे नऊ-सव्वानऊला बाहेर, लेडीज डब्यात अजून बऱ्यापैकी गर्दी असते, एकट्या बायकांनी उगाच घाबरायचं कारण नाही. चर्चगेटला के. रुस्तमचं आइस्क्रीम उघडं असलं तर खाऊन घ्या.

पाहुणे ग्रुप बरेचदा दुसऱ्या दिवशी इथल्या विद्यार्थ्यांसाठी मास्टरक्लास घेतात, कधीकधी नुसतं ऐकायला बसू देतात. विचारून बघा, आणि जमलं तर रजा टाकून जा. मी एकदा गेले होते, एका परदेशी चेलिस्टने चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीकडून चार ओळी पाऊण तास वाजवून घेतल्या. धनुष्यावर जोर कमी कर, परत. आता उगाचच हळू वाजवतेयस, परत. खांदा सोड, परत. ती रडकुंडीला आलेली, आणि मग एकदा ते जमलं, खोलीतल्या आम्हा सगळ्यांनाच कळलं, कुणी काही न सांगता. आठ वर्षांच्या कार्यक्रमांतून मला जेवढं समजलं नसेल तेवढं त्या पाऊण तासात समजलं, की मऊ वाजणं आणि हळू वाजणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

कार्यक्रम संपल्यावर वादक पुष्कळदा बाहेर लॉबीत येतात. जाऊन बोला, इंग्लिश मोडकंतोडकं असलं तरी चालतं, त्यांचंही तसंच असतं. काय विचारायचं सुचत नसेल तर वाद्य किती जुनं आहे विचारा, प्रत्येकाला ते सांगायला आवडतं. चेलोवाल्याला विमानात वाद्य कसं आणलं विचारा, त्याचं दुसरं तिकीट काढावं लागतं, शेजारच्या सीटवर पट्टा बांधून बसवतात, हे ऐकून माझ्या भाच्याचा विश्वासच बसला नव्हता. गेल्या हिवाळ्यात असंच कार्यक्रमानंतर एक चेलोवाली हॉलच्या बाहेर टॅक्सीची वाट बघत उभी होती, आयोजकांची गाडी कुठेतरी अडकलेली, मी एक काळीपिवळी थांबवली आणि ड्रायव्हरकाकांना सांगितलं की हॉटेलपर्यंत सोडायचंय, ही पेटी जपून. त्यांनी खाली उतरून पेटीकडे एकदा बघितलं, टपाकडे बघितलं आणि म्हणाले, ताई, वर कॅरिअरला दोरीने बांधू का, पडणार नाही. मी त्याचं भाषांतर करून तिला सांगितलं नाही, पण तिला बोट वर गेलेलं दिसलं होतं. शेवटी चेलो मागच्या सीटवर आडवा, ती पुढे ड्रायव्हरकाकांच्या शेजारी, आणि मी माझी दहा सतराची पकडायला सीएसएमटीकडे पळाले.